मोटर घरीच खोलायची का? बंदीच्या दोन महिन्यांत ठरवायची गोष्ट



16 जूनपासून 15 ऑगस्टपर्यंत आपल्या मध्यप्रदेशात मासेमारी बंद असते, हे सांगायची गरज नाही. जाळी वाळवायला टाकली, नाव उलटी करून ठेवली, की लगेच एक विषय निघतो. यंदाही निघाला. मोटर बरोबर चालून नाही राहिली, दोन महिने हाताशी आहेत, पोरगा मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकला आहे, तर घरीच खोलून नवीन रिंग टाकून घ्यावी का? गेल्या आठ दिवसांत चार घरांतून आम्हाला हेच विचारलं गेलं. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा संस्थेचं मत इथे एकदाच लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट कबूल करू. रामाकोन्याच्या आसपास कन्हानच्या डोहात मोटर लागतच नाही. तिथे बांबू आणि वल्हं पुरतं, डोंगा पुरतो, कुठे ट्रकच्या ट्यूबवर बसूनही जाळं टाकतात. मोटर लागते ती धरणाच्या मोठ्या पाण्यावर, जिथे सकाळी जाळी काढून वारा सुटायच्या आत काठाला यावं लागतं. म्हणून आपल्याकडे मोटरी बोटावर मोजण्याइतक्याच. पण कमी आहेत म्हणूनच अडचण मोठी. समुद्रकिनाऱ्याच्या गावात मोटर बिघडली तर मिस्त्री आहे, सामानाचं दुकान आहे, शेजाऱ्याची दुसरी मोटर आहे. आपण आता पांढुर्णा जिल्ह्यात आलो तरी सामानाला नागपूरच गाठावं लागतं, आणि तिथेही नावेच्या मोटरीचा पार्ट दुकानदार मागवूनच देतो.

आणि आपल्याकडच्या मोटरी बहुतेक जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या. दोन-स्ट्रोकच्या, दोन-चार हॉर्सपॉवरपासून आठ-दहापर्यंतच्या. यातल्या काही कोकण किंवा केरळकडच्या खाऱ्या पाण्यात अर्धं आयुष्य काढून आलेल्या असतात. वरून रंग मारलेला, आतल्या पाण्याच्या वाटा मिठानं भरलेल्या. ॲल्युमिनियममधले लोखंडी बोल्ट असे धरून बसतात की पाना लावला की डोकंच तुटून हातात येतं. पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवा. गोड्या पाण्यात वाढलेली मोटर आणि समुद्रावरून आलेली मोटर खोलणं ही एक गोष्ट नाही.

आता मुद्द्यावर. गावात दोन मतं आहेत. एक मत म्हणतं, मिस्त्री लुटतो, शंभराचा पार्ट टाकून हजार घेतो, त्यापेक्षा आपणच करू. दुसरं मत म्हणतं, आपल्या बापजाद्यांनी कधी इंजिन उघडलं होतं का, हात लावू नका. आम्हाला दोन्ही पटत नाही. पहिल्या मतात राग खरा आहे. मोटर महिना-महिना दुकानात पडून राहते, फोन उचलत नाहीत, जुने पार्ट परत देत नाहीत, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी भोगलं आहे. पण मिस्त्री वाईट निघाला म्हणून आपण मिस्त्री होत नाही. आणि दुसऱ्या मताला एवढंच सांगतो, की ज्या माणसानं ही मोटर पहिल्यांदा बाजारात चालवून दाखवली तो ओले एव्हिनरूड अमेरिकेतला एक साधा मेकॅनिक होता. 1909 मध्ये त्यानं नावेच्या मागे टांगायची मोटर विकायला काढली. वस्तूच अशी बनवली की उचलून घरी नेता येईल आणि साध्या हत्यारांनी उघडता येईल. त्यात जादू काही नाही. (त्याच्या नावाच्या मोटरी 2020 मध्ये बनायच्या बंद झाल्या. कुणी त्या नावाची जुनी मोटर स्वस्तात देत असेल तर सामान कुठून मिळणार ते आधी विचारा.)

आमचं मत असं आहे. मोटर खोलायची की नाही हा पहिला प्रश्नच नाही. पहिला प्रश्न आहे, मोटरीला झालं काय? दहातल्या निम्म्याहून जास्त तक्रारींत इंजिनच्या आत काही बिघडलेलंच नसतं, असा संस्थेतल्या जुन्या लोकांचा अनुभव आहे. आणि तरी आपण थेट रिंग-पिस्टनवर जातो.

मोटर सुरू होत नाही, झटके देते, उचलत नाही, म्हणून खोलायला निघता. त्याआधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघा. हसू नका, हे झालेलं आहे. नळीतला रबरी फुगा दाबल्यावर कडक होतो का, नळीला भेग आहे का, बघा. प्लग काढा, बॉडीला टेकवा, रस्सी ओढा, ठिणगी निळी पडते का बघा. हे करताना पेट्रोल जवळ नको. मग कार्बोरेटर. आमच्या मते आपल्याकडच्या मोटरींचा अर्धा आजार इथे आहे, आणि त्याचं कारण पेट्रोल.

हा पेट्रोलचा भाग नीट समजून घ्या, कारण हे नवीन आहे आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. 2023 पासून ते यायला लागलं, आता सगळीकडे तेच. इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी पडवीत ठेवली तर हवेतला ओलावा तो पीत राहतो. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. आता बघा, दोन-स्ट्रोकमध्ये इंजिनला तेल मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळूनच. तेल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये, आणि टाकीची नळी ओढते तळातून. म्हणजे मोटर सुरू झाली तरी पिस्टनला तेल नाही. थोड्या वेळात जाम. आपण म्हणतो रिंग गेली, मिस्त्रीनं बनावट रिंग टाकली. खरी गोष्ट बंदीच्या आधीच्या पेट्रोलची असते. शिवाय जुन्या मोटरीच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे रबर यानं फुगतात, चिकट होतात, आणि बारीक जेट बुजतो.

म्हणून यंदा सगळ्यांनी एवढं करा. टाकी रिकामी करा. मोटर पाण्याच्या ड्रममध्ये लावून, नळी काढून, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून बंद पडेपर्यंत चालवा. काढलेलं पेट्रोल तेलाचं आहे, चार-स्ट्रोक मोटरसायकलमध्ये टाकू नका. ऑगस्टमध्ये ताजं पेट्रोल, ताजं तेल. ज्यांची मोटर 50 ला 1 वर चालते त्यांनी लिटरमागे 20 मिली तेल, मोजून. अंदाजानं बुचभर नाही. तुमच्या मोटरीचं माप वेगळं असेल तर तिच्यावर किंवा पुस्तकात लिहिलेलं तेच खरं.

एवढं करूनही मोटर मरगळलेली असेल, तर मग कॉम्प्रेशन तपासा. संस्थेत घड्याळ, म्हणजे प्रेशर गेज, आहे. सभासदांनी घेऊन जावं, दुसऱ्या दिवशी परत आणावं. सगळे प्लग काढा, प्लगच्या वायरी बॉडीला लावा, एक्सिलेटर पूर्ण उघडा, गेज लावून रस्सी चार-पाच वेळा जोरात ओढा. आकडा लिहून ठेवा. दोन सिलिंडरची मोटर असेल तर दोन्हींचा आकडा जवळपास हवा. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये काहीतरी आहे. आता त्या प्लगच्या भोकातून चहाच्या चमच्याएवढं तेल टाका आणि परत मोजा. आकडा चढला तर रिंग किंवा बोर घासला आहे. नाही चढला तर हेड गॅस्केटकडे बघा. दोन्ही आकडे चांगले आणि सारखे असतील तर देवाचं नाव घ्या आणि इंजिन उघडू नका. दहा मिनिटांचं काम आहे. हे न करता जो पाना हातात घेतो त्याला आम्ही आता सरळ नाही म्हणणार.

मग काय घरी करायचं आणि काय नाही?

प्लग, कार्बोरेटर, पेट्रोलच्या नळ्या, खालच्या पेटीचं गिअर ऑइल, पाण्याच्या पंपातला रबरी पंखा, ही कामं प्रत्येक नाववाल्याच्या घरात यायलाच पाहिजेत. यात वाद नाही. रबरी पंख्याबद्दल दोन शब्द जास्त. आपलं पाणी पहिल्या पुरात गढूळ होतं, रेती आणि गाद येते, आणि तो पंखा रेतीनं झिजतो. मोटरीच्या मागून पाण्याची बारीक धार पडते ना, तीच नाडी. धार बारीक झाली की इंजिन तापणार, तापलं की पिस्टन चिकटणार. हजार-दोन हजारांचा खड्डा टाळायचा तर तो पंखा दर बंदीत बदला. बसवताना पात्यांची टोकं फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे वाकलेली हवीत, आणि छोटी चावी जागेवर हवी. गिअर ऑइल काढल्यावर दुधासारखं पांढरं निघालं तर सीलमधून पाणी शिरलं आहे. त्यात चकाकणारे लोखंडाचे कण दिसले तर तिथेच थांबा, ते काम आपलं नाही. नवीन ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते.

रिंग, पिस्टन, हेड गॅस्केट. इथे आमचं उत्तर आहे: करा, पण एकट्यानं नाही. आपल्या भागात दोन-स्ट्रोक जाणणारे हात आहेत. राजदूत आणि आरएक्स 100 ज्यांनी खोलल्या-जोडल्या ते मिस्त्री सौंसरला अजून आहेत, आणि संत्र्याच्या बागायतीतले फवारणी पंप दुरुस्त करणारेही आहेत. वरचं इंजिन त्यांना समजतं. त्यांना पडवीत बोलवा, चहा पाजा, मजुरी द्या, आणि काम तुमच्या डोळ्यांसमोर तुमच्या पोराच्या हातून करून घ्या. पण दोन गोष्टी त्यांनाही सांगाव्या लागतात. दोन-स्ट्रोकच्या पिस्टनमध्ये रिंगच्या खाचेत बारीक खुंटी असते. रिंगची तोंडं त्या खुंटीवर बसली नाहीत तर रिंग सिलिंडरच्या खिडकीत अडकून तुटते, आणि तुटलेला तुकडा बोर फाडतो. हे जुने मिस्त्री जाणतात, व्हिडिओ पाहून शिकलेला पोरगा विसरतो. दुसरी गोष्ट त्यांना माहीत नसते, कारण मोटरसायकलला पाणी लागत नाही. नावेची मोटर कोरडी कधीच चालवायची नाही, 'फक्त दोन सेकंद आवाज ऐकू' म्हणूनही नाही. पाण्याचा रबरी पंखा तेवढ्यात जळतो.

रिंग टाकायच्या आधी बोर मोजा. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फीलर गेजनं मोजता येते. बोरला उभे ओरखडे असतील, बोटाचं नख अडकत असेल, तर नवीन रिंगनं काही होणार नाही. तो बोर लेथवर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन टाकावा लागेल, आणि ओव्हरसाइज पिस्टन मिळतो का हे बोर वाढवण्याआधी विचारायचं, नंतर नाही. एका नाववाल्यानं आधी बोर वाढवून घेतला आणि मग पिस्टन शोधायला निघाला. तो सिलिंडर आता त्याच्या अंगणात तुळशीला टेका देऊन आहे.

क्रँक, त्याचे बेरिंग, क्रँकचे ऑइल सील, खालच्या पेटीतले गिअर. हे घरी नाही. यावर आम्ही ठाम आहोत. दोन-स्ट्रोकमध्ये क्रँकची पेटी हवाबंद लागते, तिथूनच मिश्रण वर ढकललं जातं. सील जरासं वाकडं बसलं तर हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, आणि मोटर काठावर सुरेख चालते पण भर वेगात, भर पाण्यात जाम होते. वर फ्लायव्हील काढायला पुलर लागतो. हातोडी मारली तर आतलं चुंबक तडकतं, मग ठिणगी गेली, आणि रिंगसाठी उघडलेली मोटर भंगारात. शेजारच्या गावातल्या एकानं असंच केलं. नंतर त्याच्या घरी बायकोनं आम्हाला विचारलं, "भाऊ, मासोळी विकून मी हप्ता भरून राहिले, आणि हा लोखंड ठोकून राहिला, हिशोब कोण करणार?" आमच्याजवळ उत्तर नव्हतं.

हिशोबाचं बोलायचंच तर नीट बोलू. कागदावर तीन आकडे लिहा. एक, सगळे पार्ट, गॅस्केट आणि सीलसकट, नागपूरचे जाणे-येणे आणि मजुरी धरून. दोन, तशीच चालती दुसऱ्या हातची मोटर आज कितीला मिळते. तीन, मोटर सप्टेंबरपर्यंत उभी राहिली तर किती दिवसांची मासोळी बुडते, आणि तेवढ्यात तुमच्या नावेवरच्या दुसऱ्या माणसांचा वाटा किती जातो. लोक तिसरा आकडा लिहितच नाहीत. मोटर मालकाची असते, पण ती बंद पडली की वाट्यावर चालणारा मजूर उपाशी राहतो, आणि टोपली घेऊन बाजारात बसणारी बाई सावकाराकडे जाते. पहिला आकडा दुसऱ्याच्या निम्म्यावर गेला की आमच्या मते ती मोटर सोडून द्या. पार्टसाठी दुसऱ्याला विका. दोन मोटरींतून एक चांगली उभी करायची असेल तर संस्थेत बसून बोला, दोघांची मिळून एक नाव चालवता येते.

काही जण म्हणतील, पैसे आहेत कुठे नवीन मोटरीला? बरोबर आहे. म्हणून सांगतो, व्याजानं घेऊन जुन्या मोटरीत टाकण्याआधी किसान क्रेडिट कार्डाचा अर्ज भरा. 2018-19 पासून ते मासेमारांनाही मिळतं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना 2020 मध्ये आली, त्यात नाव-जाळ्यासाठी मदतीचे प्रकार आहेत, सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना 60 टक्के. फाइल फिरायला वेळ लागतो हे आम्हालाही माहीत आहे, म्हणूनच बंदीत भरा, ऑगस्टमध्ये नाही. कागद जोडायला संस्थेत या.

आता एक गोष्ट जी गावात कुणी बोलत नाही. घरी खोललेल्या मोटरीचा धोका खिशाला नाही, जीवाला आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात धरणं भरलेली असतात, दरवाजे कधीही उघडतात. जोडलेली मोटर थेट तिथे नेऊन 'चालते का पाहू' हा प्रकार बंद करा. आधी ड्रममध्ये, पाणी मोटरीच्या खालच्या आडव्या पाटीच्या वर येईल एवढं भरून, मागचा पंखा काढून. मग उथळ, बांधलेल्या पाण्यात काठाकाठानं. नवीन रिंग असेल तर पहिले दहा तास अर्ध्या वेगावर, पूर्ण उघडायची नाही, आणि बहुतेक जुन्या मोटरींना तेवढ्या काळात तेल दुप्पट लागतं, म्हणजे 25 ला 1. या दहा तासांत नावेत वल्हं आणि बांबू हवेच. मोटर घेतली म्हणून वल्हं घरी ठेवणारे आपल्यात आहेत, त्यांनी ऐकावं. धरणाच्या भिंतीच्या किंवा सांडव्याच्या बाजूला त्या दहा तासांत कुणीही जाऊ नये, कितीही मासोळी असो. आणि पेट्रोलनं पार्ट धुणं चूल पेटलेल्या घरात नाही, अंगणात. जळकं तेल नदीत ओतू नका. हीच कन्हान पुढे नागपूर-कामठीच्या नळाला जाते.

या सगळ्यावर आमचं खरं म्हणणं थोडं वेगळं आहे. घरी खोलू की दुकानात देऊ, या दोनच वाटा आहेत असं आपण का धरलं? केरळात मच्छीमार सहकारी संस्थांचा महासंघ, मत्स्यफेड, 1984 मध्ये उभा राहिला. तो मासेमारांना मोटरी विकतो आणि दुरुस्तीची केंद्रंही चालवतो. पालघरकडे सातपाटीच्या मच्छीमार संस्था सभासदांना बर्फ आणि डिझेल पुरवत आल्या. आपण तेवढे मोठे नाही, मोटरी मूठभर. पण मूठभर मोटरींना एक पुलर, एक टॉर्क पाना, एक फीलर गेज आणि गेज असलेलं घड्याळ पुरतं. प्रत्येकानं वेगळं घ्यायचं कारण काय? हेडचे बोल्ट मधून सुरू करून आलटून-पालटून, मापात आवळायचे असतात. ते माप हाताच्या ताकदीनं कळत नाही, टॉर्क पान्यानं कळतं. तो महाग आहे म्हणून कुणी घेत नाही, आणि गॅस्केट परत फुटतं. ही वस्तू संस्थेची असायला हवी, जाळ्याच्या सुतासारखी.

काही सभासदांचा याला विरोध आहे, तोही लिहितो. त्यांचं म्हणणं, मोटर आहे चौघांकडे, हत्यारं घेणार सगळ्यांच्या पैशातून, डोंगावाल्यानं का भरावं? हा प्रश्न रास्त आहे. म्हणून आमचा प्रस्ताव असा, की हत्यारांचा अर्धा खर्च मोटरवाल्यांनी वर्गणीतून द्यावा, अर्धा संस्थेनं, आणि बिनमोटरवाल्या सभासदाला बंदीनंतर जाळी ओढायला मोटरनाव लागली तर ती पेट्रोलच्या खर्चात मिळावी. मंजूर-नामंजूर बैठकीत ठरेल.

बैठक येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता, नेहमीच्या जागी. मोटरवाल्यांनी कॉम्प्रेशनचे आकडे लिहून आणावेत. ज्यांना रबरी पंखा मागवायचा आहे त्यांनी मोटरीची कंपनी, हॉर्सपॉवर आणि पट्टीवरचा मॉडेल नंबर यांचा फोटो आणावा. नागपूरला एकच फेरी होईल. घरातल्या बायांनीही यावं, हिशोबाचा तिसरा आकडा त्यांच्याकडेच असतो.